सगुणावहिनींच्या भाकरीची चौकशी

कुणाचा अर्ज लिहून देऊ नये. लिहून दिलाच तर चौकशीच्या दिवशी त्याच्या घरी हजर राहू नये. आणि हजर राहावंच लागलं तर तोंडात भाकरीचा घास असताना सरकारी माणसासमोर मत देऊ नये. एवढं मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझं गेलं वर्ष वाचलं असतं, स्कूटरचं मडगार्ड वाचलं असतं आणि आमचा टेबलफॅन आज जसा कण्हतो तसा कण्हला नसता.

"मी सांगत होते," असं कुंदा म्हणते. कुंदा म्हणजे माझी बायको. पण ती सगळंच सांगत असते, त्यामुळे त्यातलं नेमकं कोणतं ऐकायचं होतं ते मागाहून कळतं.

मी बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीत पैसा फार मिळवला नाही, पण मसुद्यावर हात बसला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं एकदा मी लिहायला घेतलं की समोरच्या कचेरीला घाम फुटलाच पाहिजे, अशी माझी ख्याती होती. आमच्या भोरच्या आळीत नळाच्या तक्रारीपासून मोकाट गाईंपर्यंत सगळे अर्ज माझ्याच हातचे. मला त्याचा अभिमान होता. ‘होता’ हे मी जाणूनबुजून लिहितो आहे.

तर एक दिवस शिवऱ्याहून प्रेरणाचा फोन आला. प्रेरणा म्हणजे पालीच्या सगुणावहिनींची एकुलती एक लेक, शिवऱ्याला दिलेली. राजगडाच्या पायथ्याची ही पाली. वेल्ह्याकडे माझी बदली झाली होती तेव्हा त्या बाजूच्या गावांचं काम माझ्याकडे असे, आणि दुपारचं जेवण कोंडिबांच्या घरी. कोंडिबा माझे मित्र झाले, त्यांची बायको माझी वहिनी झाली आणि तिच्या हातची भाकरी हा माझ्या आयुष्यातला एक मापदंड झाला. तांदळाची भाकरी, पातळ, कड कुठेही फुटलेली नाही, तव्यावर टम्म फुगलेली. पुढे कुंदाशी लग्न झाल्यावर मी हा मापदंड दोन-तीनदा मोठ्यानं बोलून दाखवला. त्याचे परिणाम या कथेचा विषय नाहीत.

कोंडिबा गेले. वहिनींनी गड चढायला येणाऱ्या पोरांना जेवण द्यायला सुरुवात केली. पोरांनीच खूश होऊन भिंतीवर रंगानं लिहून दिलं, ‘घरगुती जेवण मिळेल. भाकरी स्पेशल.’ चांगलं चाललं होतं. मग प्रेरणाचा हा फोन.

"काका, आईच्या अंगावरनं वारं गेलं. पाय जरा सुधारला, पण उजवा हात गेला तो गेलाच. मी पैसे दिले तर घेत न्हाई. म्हणती, जावयाचं खायाची न्हाई. सरकारचं दिव्यांगांचं अनुदान मिळतं म्हणं. तेवढं करा, काका. न्हाई मिळालं तर मी तिला इकडं शिवऱ्याला आणणार, घराला कुलूप लावणार. एकटीला किती दिवस ठिवू तिथं?"

मी म्हणालो, "प्रेरणा, अर्ज माझा आहे म्हटल्यावर काळजी करायचं कारण नाही."

हे वाक्य कुंदानं आतून ऐकलं आणि ती देवापाशी दिवा लावायला गेली. दिवे लागायची वेळ नव्हती.

पालीला गेलो. वहिनींनी दारातच "या भावजी" म्हणत पाट मांडला. डाव्या हातानं. उजवा हात पदराखाली होता, आणि पदर असा काही घट्ट गुंडाळलेला की आत काही लपवून ठेवलं असावं. चहाही डाव्या हातानं दिला.

"हात कसा आहे, वहिनी?"

"बरा हाय की. जरा वारं गेलतं."

"हलतो का?"

"हलंल. घाई काय हाय?"

इथेच मला कळायला हवं होतं. ज्या बाईला ‘येत नाही’ हा शब्दच येत नाही, तिच्यासाठी येत नसल्याचं अनुदान मिळवायला मी निघालो होतो.

पहिलं काम दाखल्याचं. हात किती टक्के गेला हे सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यायचं. मी वहिनींना वाटेत चार वेळा बजावलं, की डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, येत नाही ते येत नाही म्हणा. त्या प्रत्येक वेळी "व्हय" म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, हात वर होतो का?"

"व्हतो की," असं म्हणून वहिनींनी पदराआडून डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि वर धरून दाखवला.

"धुणं जमतं?"

"जमतं."

"वेणी घालता येते?"

"ही काय घातलीया."

वेणी शेजारच्या साळूबाईनं घातली होती. मी वहिनींच्या पाठीमागे उभा राहून जिवाच्या आकांतानं ‘नाही, नाही’ अशी मान हलवत होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, मानेचं दुखणं शेजारच्या खोलीत बघतात."

आजोबा! मी अजून पिशवी घेऊन बाजारापर्यंत ताठ चालत जातो. पण माणूस हुशार होता. त्यानं वहिनींच्या उजव्या हातात नुसतं पेन ठेवलं. पेन पडलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. वहिनी म्हणाल्या, "पेन गुळगुळीत हाय तुमचं." डॉक्टरांनी दाखला लिहून दिला.

त्यानंतर अंगठ्याचा ठसा. सेवा केंद्रातल्या यंत्राला वहिनींची बोटं पटेनात. उजवी नाही, डावीही नाही. केंद्रावरची बाई म्हणाली, "रेषाच न्हाईत हो. घासून गेल्यात." तापलेल्या तव्यावरून बोटांनी भाकरी उलटण्यात आयुष्य गेलेलं, रेषा राहणार कुठून? शेवटी डोळे तपासून काम झालं. हे सगळं उरकून मी माझा अर्ज जोडला, पोच घेतली आणि भोरला येऊन पेढे वाटले. पेढे वाटण्याची घाई मी करतो, हे कुंदाचं म्हणणं मला मान्य आहे.

आता राहिली घराची चौकशी. कचेरीतून साहेब येणार, घर बघणार, उत्पन्न बघणार आणि अहवाल देणार. ही बातमी आमच्या शेजारी बंडूअण्णांना कळली. बंडूअण्णा उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत, आणि उंटही दुसऱ्याचा असावा लागतो.

"चौकशीला येणारा माणूस घर बघत नाही, वागणूक बघतो," अण्णा म्हणाले. "त्याला पाटावर बसवलंत की संपलं. खुर्ची पाहिजे. पंखा पाहिजे. पाणी फुलपात्रात नाही, काचेच्या ग्लासात. साहेब खूश तर अहवाल खूश."

आता मागे वळून पाहताना यातली गफलत एखाद्या लहान मुलालाही दिसेल. पण मध्यमवर्गीय माणसाला पाहुणा येणार म्हटलं की आधी चादर बदलायची सुचते. मी टेबलफॅन स्कूटरवर पायांत धरून भोरहून पालीला नेला. मार्गासनीच्या पुढे एका खड्ड्यात फॅन, मडगार्ड आणि मी यांची जी ओळख झाली तिचा व्रण अजून नडगीवर आहे. कुंदानं काचेचे ग्लास दिले आणि आपली एक काठापदराची साडी दिली. "माणसासमोर बाई नीट दिसायला हवी," ती म्हणाली. म्हणजे तीही यात होती, हे मी इथे नोंदवून ठेवतो. पालीत रखमाजी म्हणून जुने जाणते गृहस्थ आहेत. त्यांनी मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या पाठवल्या. "गावाची अब्रू हाय. सायेब काय म्हनंल, पालीत बसाया खुर्ची न्हाई?"

साहेब आले. तरुण होते, घामाघूम झाले होते, खुर्चीत बसले, फॅनसमोर तोंड केलं आणि "व्वा" म्हणाले. मी मनात म्हटलं, पहिली लढाई जिंकली.

त्यांनी काही विचारायच्या आत वहिनी उठल्या. "आधी जेवान."

"नको मावशी, आम्हाला चालत नाही."

"आमच्या दारातनं आजवर कुनी उपाशी गेलं न्हाई. तुमी काय नियम काडताय?"

आणि ताट आलं. कोंबडीचा रस्सा, कांदा, ठेचा आणि भाकरी. स्वयंपाक कधी झाला, कसा झाला, मला कळलं नाही. मागच्या दारी बांगड्यांचा आवाज झाला होता आणि पदराखाली झाकलेली एक टोपली कुंपणावरून आत आली होती, एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यापर्यंत पोचायला माझ्याकडे तेव्हा सवड नव्हती. माझ्याही पुढे ताट आलं होतं.

साहेबांनी एक घास खाल्ला आणि सहज विचारलं, "मावशी, भाकरी तुमच्याच हातच्या का?"

वहिनी ताठ झाल्या. "मंग? माझ्या घरात दुसऱ्या कुनाच्या असत्याल?"

आणि मी, हेडक्लार्क, मसुद्याचा बादशहा, तोंडात घास असताना म्हणालो, "अहो साहेब, काय सांगता! या हातच्या भाकरी मी वर्षानुवर्षं खाल्ल्यात. अख्ख्या वेल्ह्यात असा हात नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फक्त हात माझा नव्हता.

महिन्याभरानं कागद आला. मी आयुष्यभर सरकारी मराठी लिहिली, पण ती अंगावर येते तेव्हा कशी लागते हे त्या दिवशी समजलं. ‘समक्ष स्थळपाहणी केली असता अर्जदार यांचे घरी प्लास्टिक खुर्च्या, टेबलफॅन (चालू स्थितीत) व काचसामान आढळून आले. अर्जदार उंची साडी परिधान करून होत्या. दर्शनी भिंतीवर खानावळ व्यवसायाचा फलक आहे. अर्जदार यांनी स्वहस्ते केलेल्या भाकरी व सामिष भोजन वाढले. भाकरी अर्जदार यांच्याच हातच्या असल्याबाबत उपस्थित निवृत्त बँक कर्मचारी यांनी जोरदार दुजोरा दिला. सबब अर्जदार यांचा व्यवसाय चालू असून उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे दिसते. अर्ज नामंजूर.’

‘जोरदार’ हा शब्द मला फार लागला.

कुंदा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या बाईचं घर जाणार आता तुमच्या जिभेपायी." मी उठलो आणि अपील लिहायला बसलो.

अपिलाची सोय भोरलाच, वरच्या कचेरीत होती. मी सात पानी अपील लिहिलं. त्यात प्रस्तावना होती, मुद्दे होते, उपमुद्दे होते, अतिथीधर्मावर एक परिच्छेद होता. तिथल्या कारकुनानं ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "काका, एका पानात द्या."

"यातलं एक अक्षर कमी करता येणार नाही."

"मग साहेबांनी वाचलं नाही तर मला म्हणू नका." त्यानं मूळ कागद काढला, वाचला, आणि माझ्याकडे वर पाहिलं. "हे निवृत्त बँक कर्मचारी कोण हो? यांनीच घोळ केलाय सगळा. यांना गाठा आधी."

मी म्हणालो, "गाठतो."

घरी येऊन एका पानात अपील लिहिलं. आळीत तोवर प्रत्येकाला त्यातलं कळायला लागलं होतं. बंडूअण्णा म्हणाले, बाईला सुनावणीला झोळीत घालून न्या. कुणी म्हणालं, हाताला प्लास्टर करा. मी अण्णांना विचारलं, खुर्च्या-पंख्याचा सल्ला कुणाचा होता? ते म्हणाले, "सल्ला बरोबर होता, तुमची अंमलबजावणी चुकली."

खरं म्हणजे उपाय अगदी सोपा होता. खुर्च्या मंडळाच्या, फॅन माझा, साडी कुंदाची, हे रखमाजी आणि मी लिहून द्यायला तयार होतो. राहिली भाकरी. ती कुंपणावरून आलेल्या टोपलीतली, साळूबाईनं केलेली, एवढं वहिनींनी सांगायचं. बस. मी पालीला गेलो आणि हे सांगितलं.

वहिनींचा चेहरा बदलला. "म्या सांगू? की पाव्हन्याला म्या उसनी भाकर वाढली? आन ती बी साळीची?"

इथे साळूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. दोघींची घरं कुंपणाला कुंपण लागून. वहिनींचा जम बसल्यावर साळूबाईंनीही गडावर जाणाऱ्यांना जेवण द्यायला सुरुवात केली, पण पोरं एकदा तिथे जेवून पुढच्या खेपेला वहिनींकडे येत. साळूबाई ते कधी विसरल्या नाहीत आणि वहिनींनी विसरू दिलं नाही. तरी वारं गेल्यापासून वहिनींची वेणी साळूबाई घालत होत्या, पाणी भरत होत्या, आणि त्या दिवशी स्वतःची कोंबडी कापून टोपली कुंपणावरून देणाऱ्याही त्याच. फक्त हे दोघींपैकी कुणी बोलायचं नाही, असा अलिखित करार होता. मी कुंपणापलीकडे जाऊन साळूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिनं तिच्या तोंडानं म्हनावं, मंग म्या सांगते. माझ्या तोंडानं तिची अब्रू काडायची न्हाई."

मी परत आलो आणि ओरडलो. हो, ओरडलो. "वहिनी, अब्रू धरून बसाल तर घर जाईल! प्रेरणा तुमचं बोचकं बांधायला आलीच म्हणून समजा!"

वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "भावजी, धनी गेलं तवा म्या रडले न्हाई एवडी, जेवडी पैली भाकर हातातनं गळून पडली तवा रडले. त्ये बी दार लावून. आन आता तुमी म्हनता, कचेरीत जाऊन सांगू? नगं मला त्ये पैशे."

मी चहा न घेता निघालो. पालीत चहा न घेता निघणं हे भांडणापेक्षा मोठं असतं, हे मला वाटेत आठवलं आणि आणखी वाईट वाटलं.

सुनावणी दोनदा पुढे गेली. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा साहेबांची बदली. तिसऱ्या खेपेला नव्या मॅडम आल्या होत्या. वहिनी सकाळच्या एसटीनं आल्या, सोबत साळूबाई. पाय ओढत चालणाऱ्या बाईला एसटीत चढवायला कुणीतरी लागतंच, आणि भांडण असलं तरी शेजारीण ती शेजारीण. साळूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवून आम्ही आत गेलो. प्रेरणा शिवऱ्याहून आली होती. तिच्या हातात रिकामी मोठी पिशवी होती. निकाल विरुद्ध गेला तर ती तिथूनच आईबरोबर पालीला जाऊन सामान बांधणार होती. वहिनींनी ती पिशवी पाहिली आणि पदर आणखी घट्ट गुंडाळला.

मॅडमनी विचारलं, "आजी, काय त्रास आहे?"

"काय न्हाई. बरं हाय."

मी डोळे मिटले.

"हातानं काम होतं?"

"व्हतं थोडं थोडं." हात पदराखाली.

"मग अनुदान कशाला हवंय?"

"आता ह्यांनी अर्ज केलाय," असं म्हणून वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. डाव्या हाताचं. मला वाटलं, आता इथेच माझ्या अंगावरून वारं जाणार. मी रखमाजींचं पत्र पुढे केलं, फॅनची पावती पुढे केली, माझं एक पान पुढे केलं. मॅडमनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "खुर्च्यांचं कळलं. पण खानावळीचं काय? भाकरी तर यांनीच केल्याचं लिहिलंय. तुम्हीच सांगितलंय."

‘जोरदार,’ मी मनात म्हटलं.

चौकशीचे तरुण साहेब समोरच बसले होते. मुलगा वाईट नव्हता. आपला अहवाल खोटा ठरतो की काय म्हणून कावराबावरा झाला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी पाहिलं तेच लिहिलं. माझा यात काय फायदा? जेवण काही फार चांगलं होतं असंही नाही. स्पष्ट सांगतो, भाकरी जाड होत्या, कडा सगळीकडून फाटलेल्या, मधे कच्च्या. म्हातारीचा हात आहे, म्हणून मी गप्प खाल्ल्या. पण केल्या होत्या त्यांनीच."

खोलीत पंखा फिरत होता. वहिनी उभ्या राहिल्या.

"कुनाच्या कच्च्या?"

"आजी, बसा," मॅडम म्हणाल्या.

"बसते मागनं. कुनाची कड फाटली? माझी? अरं, माझी भाकर कच्ची म्हननारा अजून जल्माला याचाय! धा गावची मानसं जेवून गेली माझ्या हातची, येकानं कड फाटली म्हनावं! त्या भाकरी माझ्या न्हवत्या!"

"मग कुणाच्या होत्या?"

वहिनींनी पदर बाजूला केला. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मॅडमच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवला. मी तो हात वारं गेल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहत होतो. बोटं आत वळलेली, मनगट लोंबतं. ज्या हातानं मला तरुणपणी वाढलं तोच हात, आणि मला तो ओळखू आला नाही.

"ह्यो हात," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "ह्येनं भाकर थापती व्हय, बाई? तांब्या बी धरवत न्हाई. माझी वेनी ती साळी घालती. भाकरी बी तिच्याच व्हत्या. म्या खोटं बोलले. पाव्हना व्हता म्हनून बोलले."

प्रेरणा पुढे झाली, पण तेवढ्यात दार उघडलं. साळूबाई. बाहेर सगळं ऐकू जात होतं.

"कच्च्या? माझ्या भाकरी कच्च्या?"

"मंग काय तर!" वहिनींनी वळून तिच्याकडे पाहिलं. "कवापास्नं सांगतीया, पीठ नीट मळ, पानी कोमट घे!"

"तुझ्यापायी माझी अंड्यावरची कोंबडी कापली म्या! कोंबडी माझी, मसाला माझा, भाकरी माझ्या, आन नाव तुझं! सा म्हैनं झालं, तुझं पानी भरती, धुनं धुती, तुला काय बोलले कवा?"

"बोललीस न्हाईस, पर भाकर मातूर जाडच केलीस!"

शिपाई मधे पडायला आला. मॅडमनी त्याला हातानं थांबवलं आणि भराभर लिहायला सुरुवात केली. कोण पाणी भरतं, कोण धुणं धुतं, कोण केस विंचरतं, कधीपासून खानावळीची चूल पेटलेली नाही, गडावरची पोरं शेवटची कधी जेवली, सगळं त्या भांडणात आपोआप येत गेलं. माझ्या सात पानांत जे नव्हतं ते एका दमात निघालं. चौकशीचे साहेब खाली मान घालून बसले होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "मॅडम, अहवालात दुरुस्ती करून देतो." आणि साळूबाईंकडे बघून, "मावशी, रस्सा मात्र झकास होता."

"आता बोलतोय," साळूबाई म्हणाल्या.

अपील मंजूर झालं. प्रेरणानं बाहेर येऊन रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि भिंतीला टेकून रडली. मीही थोडा रडलो. कुंदाला सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. एसटीत दोघी बायका एका बाकावर बसल्या, तोंडं दोन खिडक्यांकडे. मी चढवायला गेलो होतो. मधे बसायची माझी हिंमत झाली नाही.

अनुदान सुरू झालं. मी तरी पालीला जायचं टाळत होतो, कारण चौकशीपासून मला कुणाच्याही ताटाची भीतीच बसली होती. शेवटी कुंदानं टेबलफॅन आणायला धाडलं.

वहिनींच्या घरात चूल पेटलेली होती. साळूबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि शेजारी पाटावर वहिनी. "कड दाब. दाब म्हनते ना. आता फिरव." साळूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, पण फिरवत होत्या. गडावरून उतरलेली चार पोरं ओट्यावर जेवत होती. भिंतीवरच्या फलकावर ‘भाकरी स्पेशल’च्या खाली कुणीतरी नवीन ओळ रंगवली होती, ‘साळूबाई व सगुणाबाई’. साळूबाईचं नाव आधी का, असं विचारायचा मोह मी आवरला. म्हणजे मी काहीतरी शिकलो होतो.

वहिनींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. उजवा हात आता पदराखाली नव्हता, मांडीवर उघडाच पडला होता. मी भाकरी मोडली. पूर्वीपेक्षा पातळ होती. कडही जवळजवळ शाबूत. साळूबाई पाठमोऱ्या होत्या, पण थापण्याचा आवाज थांबला होता. मी म्हणालो, "छान झालीय." आवाज पुन्हा सुरू झाला.

मग वहिनींनी चुलीकडे एकदा पाहिलं, पदराआडून काहीतरी काढलं आणि झटकन माझ्या ताटात भाकरीखाली सरकवलं. पुरीएवढी एक भाकरी होती. वेडीवाकडी, एका बाजूला जळालेली, तिच्यावर मोठी बोटं उमटलेली. एकाच हाताची.

"ही माझी," त्या कुजबुजल्या. "डाव्या हातची. रोज सकाळी येक करून बघती. साळीला बी ठावं न्हाई. पर भावजी, कुटं बोलू नगा. न्हाईतर परत चौकशी येयाची."

मी मान हलवली. आत ती थोडी कच्चीच होती, आणि मी ती शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. पुरावा शिल्लक ठेवला नाही.